जळमट आणि ऊर्णनाभ

दसरा-दिवाळी जवळ आली की मराठी घरात एक लांब बांबू कुठून तरी बाहेर निघतो. टोकाला जुना झाडू नाहीतर फडके बांधले जाते, घरातला सर्वांत उंच माणूस कामाला धरला जातो आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून तो माळ्यावरच्या, तुळईच्या बेचक्यातल्या, पंख्यामागच्या जळमटांवर चाल करून जातो. पुढे लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहिले जाते. कोळ्याच्या बाजूने बोलणारे त्या घरात कोणी नसते.

भाषाही त्याच्या बाजूने नाही. डोक्यातली जळमटे झाडायची असतात, जुनाट विचारांची कोळिष्टके काढून टाकायची असतात, ओसाड वाड्याचे वर्णन या दोन शब्दांवाचून पुरे होत नाही. पण देवघरातल्या पोथीत हाच प्राणी ‘ऊर्णनाभ’ या नावाने भेटतो, आणि तिथे त्याचे स्थान थेट विश्वनिर्मात्याच्या शेजारी असते. एकाच आठ पायांच्या जिवाला छतावर झाडू आणि उपनिषदात आसन, असे का झाले असावे? एक उत्तर सोपे आहे. काहींनी त्याला काम करताना थांबून पाहिले. बाकीच्यांनी त्याने टाकून दिलेले घरच पाहिले.

कारण जळमट म्हणजे जाळे नव्हे, जाळ्याचे मढे. घरातल्या बहुतेक जळमटांचा धनी असतो तो काडीसारख्या लांब पायांचा, राखाडी, जवळजवळ वजनच नसलेला कोळी. फोल्सिडी कुळातला क्रॉसोप्रायझा लायोनी हा त्यातला आपल्याकडचा अगदी नेहमीचा. त्याच्या जाळ्याला बोट लावले की तो स्वतःभोवती इतक्या वेगाने गरगरतो की दिसेनासाच होतो. लहानपणी हा खेळ न केलेला माणूस विरळा. मादी अंडी कुठे लपवून ठेवत नाही. चार धाग्यांत गुंडाळलेली अंड्यांची गोळी ती जबड्यात धरून हिंडते. जाळे जुने झाले, मोडले की ते तसेच सोडून नवे विणते. सोडलेल्या जाळ्यावर धूळ, चुलीचा धूर आणि उदबत्तीची काजळी बसली की त्याचे जळमट होते. थोडक्यात, निम्मा माल घराचाच असतो.

याच कोळ्याबद्दल १९९७ साली थायलंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डेंग्यू पसरवणाऱ्या डासांचा भक्षक म्हणून त्यात त्याची नोंद आहे. म्हणजे पावसाळा संपता संपता, डास ऐन भरात असताना, आपण बांबू घेऊन ज्याच्या मागे लागतो तो त्याच डासांवर जगत असतो. म्हणून कोणी दिवाळीची झाडलोट सोडावी असे नाही, पण न्हाणीघराच्या खिडकीतले एखादे जाळे राहिले तर बिघडत नाही.

घरातला दुसरा रहिवासी जास्त घाबरवतो. कोकणातल्या कौलारू घरात रात्री दिवा लावला की भिंतीवर तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी स्तब्ध बसलेला दिसतो आणि पुढच्या क्षणी तो फोटोच्या चौकटीमागे गेलेला असतो. हा हेटेरोपोडा व्हेनेटोरिया. तो शिकारीसाठी जाळे विणतच नाही, पळत जाऊन शिकार धरतो, आणि झुरळ हे त्याचे आवडते खाद्य. त्याची मादी चपट्या पांढऱ्या बत्ताशासारखी अंड्यांची पिशवी पोटाखाली धरून फिरते. जहाजांतल्या मालासोबत ही जात उष्ण प्रदेशांतल्या बंदराबंदरांत पोचली आहे. तिसरा सोबती दिवसा खिडकीच्या गजावर सापडतो. बुटका, केसाळ, पुढे दोन मोठे डोळे असलेला हा उड्या मारणारा कोळी माणसाने मान वळवली की स्वतःही वळून पाहतो. कोळ्यांमध्ये इतकी चांगली नजर दुसऱ्या कोणाची नाही. पुष्कळ जाळेवाल्यांना आठ डोळे असूनही धड दिसत नाही, त्यांचे जग धाग्याच्या थरथरीतून कळते.

आता विषाचे. जवळजवळ सर्व कोळ्यांना विष असते, पण ते माशी-झुरळाच्या मापाचे. माणसाच्या कातडीत दात रोवून खरोखर त्रास देऊ शकणाऱ्या जाती मोजक्या आहेत, आणि घरातल्या नेहमीच्या मंडळींत त्या नसतात. तरीही ‘अंगावरून कोळी गेला’ हे निदान खेड्यापाड्यांत आणि शहरांतही आजतागायत चालते. सकाळी उठावे तर मानेवर लाल चट्टा, त्यावर पाण्याचे फोड, आग. या समजुतीला फार जुना आधार आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात कोळ्यांना ‘लूता’ म्हटले आहे, त्यांचे सोळा प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांच्या उत्पत्तीची कथाही दिली आहे. विश्वामित्राने गाय नेण्याचा प्रयत्न केला तेव्हा वसिष्ठ संतापले, त्यांच्या कपाळावरचा घाम कापून ठेवलेल्या गवतावर पडला आणि त्यातून लूता जन्मल्या. ‘लून’ म्हणजे कापलेले, त्यावरून हे नाव. अशा फोडांमागे पुष्कळदा खरा गुन्हेगार निराळाच निघतो. पेडेरस नावाचा, मुंगीसारखा दिसणारा, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा एक चिमुकला भुंगेरा पावसाळ्यात दिव्याकडे येतो. तो मानेवर चिरडला गेला की त्याच्या अंगातले पेडेरिन नावाचे द्रव्य कातडीला लागते आणि दुसऱ्या दिवशी फोड येतात. तोवर भुंगेरा कुठे दिसत नाही. कोळी मात्र कोपऱ्यात हजर असतो. आरोप त्याच्यावर जातो.

शेतात तर नावामुळेच घोटाळा आहे. मराठी शेतकरी ‘कोळी पडलाय’ म्हणतो तेव्हा तो बहुधा कोळ्याबद्दल बोलत नसतो. मिरचीवरचा, वांग्यावरचा ‘लाल कोळी’ म्हणजे पानातला रस शोषणारी सूक्ष्म कीड, कोळ्याची लांबची भावंडे. नारळाला करपवणारा इरिओफाईड कोळी १९९८ मध्ये केरळात नोंदला गेला आणि किनाऱ्याने पसरला. त्याला तर आठ पायसुद्धा नाहीत, चारच आहेत. औषधाच्या बाटलीवर ‘कोळीनाशक’ लिहिलेले असते. भाताच्या खाचरात मात्र खरे कोळी तपकिरी तुडतुडे खाऊन पीक राखत असतात. १९७० च्या दशकात आग्नेय आशियात कीटकनाशकांचा मारा वाढला, तेव्हा तुडतुडे कमी होण्याऐवजी उसळले. त्यांना खाणारे, त्यांत कोळीही आले, आधी मेले होते. मित्र आणि शत्रू यांना एकच नाव असले की फवारणीची चूक किती सोपी होते हे वेगळे सांगायला नको. (समुद्रावर जाणारा, जाळे टाकणारा कोळी आणखी वेगळा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही ‘कोळी’पुढे माणूस आणि प्राणी दोन्ही अर्थ आहेत.)

किती खातात हे कोळी? मार्टिन निफेलर आणि क्लाउस बिर्कहोफर या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये साऱ्या जगाचा हिशेब मांडला. जगातले सगळे कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात, आणि त्या सगळ्यांचे स्वतःचे वजन सुमारे अडीच कोटी टन भरते. त्यांच्या जाती ५०,००० च्या पुढे गेल्या आहेत. जागतिक सूचीतली पन्नास हजारावी नोंद एप्रिल २०२२ मध्ये झाली, ब्राझीलमधल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याची.

सह्याद्रीत पावसाच्या उत्तरार्धात फिरायला गेले की या आकड्यांना चेहरे मिळतात. पायवाटेवर दोन झाडांच्या मध्ये, नेमके माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, सोनेरी झाक असलेले भलेमोठे जाळे आडवे येते. मध्यभागी नेफिला पिलिपेस ही मादी उलटी बसलेली असते, काळ्या अंगावर पिवळे पट्टे, नुसते धडच बोटाच्या दोन पेरांएवढे. जरा नीट पाहिले तर तिच्या वरच्या बाजूला एक तांबूस ठिपका दिसतो. तो नवरा. त्याची लांबी काही मिलिमीटर, आणि तिच्या लेखी तो बहुधा शिकारीच्याही लायकीचा नसतो. जाळ्याच्या कडेला पाऱ्याच्या थेंबांसारखे चमकणारे आणखी काही कोळी असतात. ते अर्जायरोडिस, तिने पकडलेल्यातले बारीकसारीक उचलून खाणारे फुकटे. एकच संसार, पण त्यात बिऱ्हाडकरू किती!

बिऱ्हाडावरून आठवले. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण विंचवाच्या नावावर लागली आहे, पण तिच्यावर लांडगा कोळ्याचाही तेवढाच हक्क आहे. त्याची मादी अंड्यांची पिशवी मागे अडकवून गवतातून फिरते, आणि पिल्ले बाहेर आली की डझनावारी तिच्या पाठीवर चढतात. रात्री कपाळाला विजेरी लावून माळावर गेले तर तिचे डोळे हिरवट चमकतात. आंब्याच्या झाडावर वेगळेच सोंग चालू असते. तिथे लाल हुमल्यांच्या रांगेत एखादा हुमला जरा अडखळत चालतो. तो मुंगीचे रूप घेतलेला कोळी असतो, पुढचे दोन पाय मुंगीच्या मिशांसारखे हवेत धरून. दख्खनच्या कोरड्या माळावर बाभळी-बोरीवर चेंडूसारखी मळकट, चिवट घरटी दिसतात. ती स्टेगोडिफस सॅरासिनोरम या कळपाने राहणाऱ्या कोळ्याची. ते शिकार मिळून करतात, आणि पिल्ले वाढली की शेवटी आईलाच खातात. वात्सल्याच्या कवितेत ही आई कोणी घालणार नाही, पण तिच्याएवढे देणारी आई निसर्गात शोधायला वेळ लागेल.

मेलेला कोळी पाय आत मुडपून का पडतो, याचेही एक कारण आहे. त्याच्या पायांत आत ओढणारे स्नायू आहेत, पण मुख्य सांधे सरळ करायला स्नायू नाहीत; अंगातला द्रव दाबाने पायात ढकलून तो पाय पसरतो. दाब गेला की पाय मिटतात. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या अभियंत्यांनी २०२२ मध्ये मेलेल्या लांडगा कोळ्यात सुईने हवा भरून त्याचा चक्क चिमटा बनवला आणि बारीक वस्तू उचलून दाखवल्या. पुढल्या वर्षी त्यांना इग नोबेल मिळाले, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे बक्षीस.

पण कोळ्याने माणसाला खरे गुंतवले ते सुताने.

चक्राकार जाळे विणणारा कोळी पहिला धागा स्वतः नेऊन बांधत नाही. तो फांदीच्या टोकावर बसतो, सूत वाऱ्यावर सोडतो आणि वाट पाहतो. सूत पलीकडे कुठे अडकले की त्याला ताण देतो आणि त्या पुलावरून जातो. मग मधून एक धागा खाली, मग आरे, मग आऱ्यांना जागच्या जागी धरणारा एक कोरडा, तात्पुरता फेरा. आणि शेवटी बाहेरून आत येत चिकट धाग्याची गोल गोल बैठक घालताना आधीचा कोरडा फेरा काढत जातो, गवंड्याने परांच्या काढाव्या तसा. कोळ्यांत रेशमाच्या ग्रंथींचे सात प्रकारांपर्यंत वैविध्य आढळते. लोंबायचे सूत वेगळे, चिकटायचे वेगळे, अंडी गुंडाळायचे वेगळे. जाळे निकामी झाले की चक्रवाले अनेक कोळी ते खाऊन टाकतात. किरणोत्सारी खूण लावून केलेल्या प्रयोगांत दिसले की खाल्लेल्या रेशमातली प्रथिने नव्या जाळ्यात पुन्हा येतात.

हे वाचून मुंडक उपनिषद उघडावे. जगाच्या उत्पत्तीला तिथे जे दाखले दिले आहेत त्यांतला पहिलाच कोळ्याचा आहे. तो जसा धागा बाहेर टाकतो आणि परत घेतो, तसे अक्षरातून, म्हणजे अविनाशी ब्रह्मातून, विश्व येते. ‘बाहेर टाकतो’ हे कोणीही पाहू शकतो. ‘परत घेतो’ हे लिहायला पहाटे उठून झुडपाजवळ बसावे लागते. बृहदारण्यकातला कोळी आपल्याच सुतावरून वर सरकतो, श्वेताश्वतरातला देव कोळ्यासारखा स्वतःच्या धाग्यांनी स्वतःला झाकतो. वेदान्त्यांना हा दाखला सोयीचा वाटला, कारण कुंभाराला माती बाहेरून आणावी लागते, कोळ्याला नाही. निर्माताही तोच, मालही त्याचाच. यावर एक खट शंका शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात प्रतिपक्षाच्या तोंडी येते. कोळ्याची लाळ लहान जीव खाल्ल्यामुळे घट्ट होऊन धागा बनते, मग तो बाहेरचे काही घेत नाही असे कसे म्हणायचे? आजच्या जीवशास्त्राला लाळेचा मुद्दा मान्य होणार नाही, पण माशी खाल्ल्याशिवाय रेशीम नाही हा हिशेब मान्य होईल. दर्शनशास्त्राच्या वादात कोळ्याच्या जेवणाचा प्रश्न निघतो, ही जागा मोठी गोड आहे.

मराठीत हा कोळी आला तो मुख्यतः भागवताच्या एकादश स्कंधातून, आणि त्यावर एकनाथांनी टीका लिहिली, जी १५७३ मध्ये काशीत पुरी झाली. अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी तेविसावा कोळी आणि चोविसावी भिंतीत किडा कोंडणारी कुंभारीण माशी. किड्याने भीतीने तिचे ध्यान केले आणि तो तिच्याच रूपाला गेला, अशी ती गोष्ट. आता कुंभारणींचा स्केलिफ्रॉन नावाचा गट पाहावा. खिडकीच्या चौकटीवर मातीच्या कोठड्या बांधणाऱ्या याच माश्या. त्या कोळी पकडतात, डंख मारून लुळे करतात, कोठडीत भरतात, एकावर अंडे घालतात आणि तोंड लिंपून निघून जातात. अळी कोळ्यांवर जगते आणि काही दिवसांनी लिंपण फोडून माशी बाहेर येते. पाहणाऱ्याला दिसते ते एवढेच: आत गेला कोळी, बाहेर आली माशी. तेविसावा गुरू चोविसाव्याच्या पोटात गेलेला असतो. निरीक्षण अचूक, मधली अळी तेवढी भिंतीआड राहिली.

दक्षिणेत कोळी थेट भक्त झाला. आंध्रातल्या श्रीकालहस्तीच्या नावातला ‘श्री’ कोळी, ‘काल’ साप आणि ‘हस्ती’ हत्ती. तिथे शिवलिंगावर जाळ्याचे छत धरणाऱ्या कोळ्याची कथा सांगतात. तिरुपतीला जाणारे पुष्कळ मराठी यात्रेकरू राहू-केतूच्या पूजेसाठी तिथे वाकडी वाट करतात, पण नावातला कोळी क्वचितच कोणाला माहीत असतो. तमिळ प्रदेशातल्या तिरुवानैकावलच्या कथेत हत्ती ते जाळे कचरा समजून रोज मोडतो. भांडणात दोघे मरतात आणि कोळी पुढल्या जन्मी चोळ राजा होऊन हत्ती शिरू शकणार नाही अशी देवळे बांधतो. ‘हे जळमट की छत्र’ हा वाद तिथे दोन भक्तांत लागला आहे.

बाहेरच्या जगात कोळ्याच्या वाट्याला बऱ्याच भूमिका आल्या. रोमन कवी ओव्हिडची अरॅक्नी विणकामात देवीशी पैज लावते आणि कोळी होते. घानातल्या आकान लोकांचा अनान्सी लबाड, गोष्टींचा मालक. कुराणाच्या एकोणतिसाव्या सुऱ्याचे नावच कोळ्यावरून आहे, आणि तिथे कोळ्याचे घर हे सर्वांत दुबळे घर ठरते. बांबू हातात घेतलेल्या कोणालाही ते पटेल, धागा वजनाच्या मानाने कितीही बळकट असला तरी. मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली स्कॉटलंडच्या ब्रूस राजाची गोष्ट मात्र जरा कमअस्सल वाटते. वॉल्टर स्कॉटने ती १८२० च्या दशकाच्या अखेरीस मुलांच्या इतिहासात सांगितली, म्हणजे ब्रूसनंतर जवळजवळ पाचशे वर्षांनी. सहा वेळा फसून सातव्यांदा तुळईपर्यंत पोचणारा तो कोळी शाळामास्तरांनी घडवल्यासारखा आहे. खरा कोळी इतका घाम गाळत नाही, वाऱ्याला काम करू देतो.

अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने हे पाहिले होते. त्याच्या एका छोट्या कवितेत कोळी टोकावर एकटा उभा राहून पोकळीत धागे सोडतो, आणि कवीचा आत्मा तेच करतो. रॉबर्ट फ्रॉस्टची ‘डिझाइन’ ही कविता पांढऱ्या फुलावर पांढरा कोळी आणि पांढरा पतंग यांच्यापुढे उभी राहून विचारते की ही योजना कोणाची. फुलावर दबा धरणारे आणि रंग पांढरा-पिवळा बदलणारे खेकडा कोळी खरेच आहेत. मुंडकात जो निर्मात्याचा दाखला, तोच फ्रॉस्टकडे निर्मात्याविरुद्धचा पुरावा होतो. फ्रान्समध्ये जन्मलेल्या शिल्पकार लुईझ बुर्ज्वा यांनी १९९९ मध्ये ‘मामां’ हा प्रचंड कोळी उभा केला, तो त्यांच्या आईसाठी. आई जुने विणीचे पडदे दुरुस्त करायची. त्या कोळिणीच्या पोटाखाली संगमरवरी अंडी आहेत.

आणि मादागास्करमध्ये सायमन पीअर्स आणि निकोलस गॉडली यांनी दहा लाखांहून जास्त सोनेरी कोळिणी पकडून, त्यांचे सूत काढून, त्यांना परत रानात सोडून एक वस्त्र विणवले. २००९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागले. रंग दिलेला नव्हता, तो कोळिणीचाच होता.

नावे देण्याच्या निमित्ताने शास्त्रज्ञही अधूनमधून कवी होतात. कर्नाटकातल्या पश्चिम घाटात सापडलेल्या, टोकदार वाळक्या पानासारख्या कोळ्याला २०१६ मध्ये हॅरी पॉटरच्या गोष्टींतल्या टोपीवरून एरिओव्हिक्सिया ग्रिफिंडोरी म्हटले गेले. आणि २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरातून वर्णन झालेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला नाव मिळाले आयसियस तुकारामी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर निःशस्त्र असताना दहशतवादी कसाबची बंदूक पकडून ठेवणाऱ्या पोलीस तुकाराम ओंबळे यांचे ते नाव आहे. हा कोळी शिकारीसाठी जाळे विणत नाही, झेप घेतो. दिवाळीच्या बांबूला तो सापडायचा नाही, कारण त्याच्यामागे जळमट राहत नाही.